पाण्याखाली गेलेल्या गावाचा इतिहास कसा शोधावा

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण सोडलं की डाव्या हाताला उजनी धरणाचं पाणी दिसू लागतं. रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या हिवाळ्यात इथे रांगेने उभ्या असतात. त्या पाण्याखाली इंदापूर, दौंड, करमाळा, माढा आणि कर्जत या तालुक्यांतली गावठाणं आहेत, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे फोटो मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मोबाइलवर फिरतात. मंदिराचं कौतुक होतं, पण त्याच्या भोवती राहणाऱ्या माणसांबद्दल कोणी विचारत नाही.

आजोळचं किंवा वाडवडिलांचं गाव असं नाहीसं झालेलं असेल आणि त्याचा इतिहास लिहावासा वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्याला इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, सरकारी कचेरीत बसून राहण्याची तयारी लागते आणि म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायची आवड लागते. उदाहरणं मी बहुतेक उजनीची घेतली आहेत, कारण तिथे सगळ्या प्रकारचे कागद एकाच गावासाठी सापडू शकतात.

गाव गेलं कशामुळे, हे आधी ठरवा

याच्या उत्तरावर पुढचा सगळा रस्ता अवलंबून आहे. दुष्काळात किंवा लुटालुटीत उठलेल्या गावाचे कागद एका ठिकाणी सापडतील, धरणात गेलेल्याचे दुसऱ्या ठिकाणी. भूकंपानंतर हललेलं जुनं किल्लारी किंवा ताडोबातून बाहेर काढलेलं बोटेझरी यांची दप्तरं आणखी तिसरीकडे. मुळशीचं तर वेगळंच आहे. तिथली जमीन टाटांच्या वीजप्रकल्पासाठी गेली आणि १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला, त्यामुळे त्या गावांची हकीकत महसुली दप्तराइतकीच त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. गावठाण उठलं म्हणून मौजे उठत नाही. माणसं राहतात ते गावठाण. महसुली हिशेबातलं मौजे म्हणजे शिवारासकट सगळं गाव, आणि ते कागदावर सहसा मरत नाही. दोनशे वर्षांपूर्वी ओस पडलेल्या गावालाही आज गट नंबर असतात, सातबारा असतो, जनगणनेत त्याच्या नावापुढे लोकसंख्या शून्य लिहिलेली असते. अशा गावांना महसुली भाषेत बेचिराख म्हणतात, विदर्भात रिठ किंवा रिठी. तुमच्या तालुक्याच्या गावांच्या यादीत ही नावं आहेत का ते पाहा. असतील तर तुमचं अर्धं काम सोपं झालं.

नाव आणि ठिकाण

एकाच नावाची गावं तालुक्यात दोन-तीन असू शकतात. खुर्द आणि बुद्रुक वेगळे, वाडी वेगळी, आणि पुनर्वसनानंतर तर आणखी गोंधळ. करमाळ्यात केत्तूर नंबर एक आणि नंबर दोन अशी दोन गावं आहेत. विस्थापित गाव नव्या जागी तेच नाव घेऊन बसलं असेल तर कागदातलं ‘पळसदेव’ हे जुनं की नवं, हे प्रत्येक वेळी तारखेवरून ठरवावं लागतं.

इंग्रजांनी गावांची नावं कानाला लागली तशी लिहिली आहेत. एकाच गावाची रोमन लिपीत चार स्पेलिंगं सापडतील. त्यांची यादी वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवा आणि संगणकावर शोधताना प्रत्येक रूप टाकून बघा. तालुका आणि जिल्हा बदलला असेल तर तेही तिथेच टिपा.

मग जनगणनेकडे वळा. १९५१पासून प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते आणि तिच्यात गाववार माहिती असते: घरं किती, माणसं किती, साक्षर किती, अनुसूचित जातींचे किती. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर या पुस्तिका फुकट मिळतात. उजनीच्या गावांसाठी १९७१ आणि १९८१ची पुस्तिका शेजारी-शेजारी ठेवा. धरणाचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८०च्या सुमारास पूर्ण झालं, त्यामुळे मधल्या दहा वर्षांत कुठलं गाव आटलं, कुठलं नव्या जागी गेलं, हे त्या दोन तक्त्यांतून एका बैठकीत कळतं.

आधी माणसं

नवखा माणूस नेहमी कागदापासून सुरुवात करतो, कारण कागद समोर बसून उलट प्रश्न विचारत नाही. माझा सल्ला उलटा आहे. रेकॉर्ड रूममधला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, आणखी दहा वर्षं तिथेच असेल. उजनीचं पाणी चढताना जी तिशीत होती ती माणसं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे आधी जा.

जाताना पाटलाच्या किंवा सरपंचाच्या घरी पहिला चहा घ्यावाच लागतो, तो घ्या. पण तिथेच थांबू नका. गावाची बारीकसारीक माहिती गुरवाला असते, कारण तो देवळात रोज होता. कोतवालाच्या घरच्यांना असते, कारण दवंडी त्यांनी दिली. नाव चालवणाऱ्या कोळ्याला नदीचा प्रत्येक उतार ठाऊक असतो. गावात नांदायला आलेल्या आणि गावातून बाहेर दिलेल्या बायका वेगळंच सांगतात. माहेर पाण्यात गेलेली आजी पाणवठ्यापासून घरापर्यंतची वाट ज्या तपशिलाने सांगेल तसा तपशील सातबाऱ्यावर कुठेही नाही. जात्यावरच्या ओव्यांत गावाचं, देवाचं, नदीचं नाव येतं. त्या म्हणायला सांगा आणि म्हणताना मध्ये बोलू नका.

‘तुमच्या गावाचा इतिहास सांगा’ असा प्रश्न विचारलात तर पांडवांच्या काळापासूनची गोष्ट मिळेल. ती ऐकून घ्या, पण पुढे विचारा ते असं: वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला पहिलं घर कोणाचं? त्याच्या पुढचं? चावडी कुठे, पार कुठे, आड कुठे? महारवाडा, मांगवाडा, कुंभारवाडा कोणत्या दिशेला? पोळ्याला बैलं कोणत्या रस्त्याने फिरायची? बाजाराला कोणत्या गावी जायचात? मयत कुठे न्यायचे? मोठा कागद जमिनीवर पसरा आणि समोरच्यालाच पेन्सिल द्या. शेजारी बसलेला दुसरा म्हातारा ‘नाही नाही, ते घर पलीकडं’ म्हणू लागला की काम रंगात आलं समजा. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही नकाशे ठेवा.

सालं कोणाला आठवत नाहीत. घटनांना बांधून विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९६७ला, तुम्ही जुन्या गावात होता का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेला होता? आणीबाणीत घर मोडायला सुरुवात झाली होती का? अशा तीन-चार खुंट्यांवर बाकीच्या आठवणी आपोआप टांगल्या जातात.

आवाज टिपण्याआधी परवानगी विचारा. फोनवरचं ध्वनिमुद्रण पुरेसं असतं, पण त्याच दिवशी फाइलला गावाचं, व्यक्तीचं नाव आणि तारीख द्या. नुकसानभरपाईचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. पैसे किती मिळाले, कोणी घेतले, कोणत्या भावाला पोचले नाहीत, यावरून घरं फुटलेली असतात. ती माणसं स्वतःहून बोलायला लागतील तेव्हा ऐका.

विस्थापित एकाच ठिकाणी असतील असं धरून चालू नका. कोयनेची माणसं रत्नागिरी, रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. त्यांचं गाव शोधायचं तर पाच जिल्ह्यांत फिरायला लागेल. जत्रा हा त्यावर सोपा उपाय. ग्रामदैवत नव्या जागी हलवलं असेल तर वर्षातून एकदा सगळे तिथे येतात.

सातबाऱ्यावरून मागे मागे

आता कचेरी. गावाचा कोणताही एक गट नंबर किंवा सर्व्हे नंबर मिळवा आणि त्याचा आजचा सातबारा काढा. धरणात गेलेल्या जमिनीवर मालक म्हणून शासनाचं किंवा पाटबंधारे खात्याचं नाव दिसेल. त्या नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची गाव नमुना सहामधली नोंद, काढलात की जमीन कोणाकडून, कोणत्या आदेशाने गेली ते कळतं. त्या खातेदाराच्या जुन्या सातबाऱ्यावर आणखी आधीचा फेरफार क्रमांक असतो. या आकड्यांचा माग घेत गेलं की वारस, वाटण्या, खरेदीखतं, कुळांच्या नोंदी असं सगळं उलगडत जातं. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ सालचा, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या वाटेने पोचता येतं.

जुन्या सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो, तो वाचायला विसरू नका. ‘आंबराई’, ‘पाटलाचा मळा’, ‘पांढरी’, ‘मसणवट’, ‘म्हसोबाचा माळ’ अशी नावं तिथे भेटतात, आणि म्हाताऱ्यांनी काढलेल्या नकाशाशी ती जुळवता येतात. पांढरी नाव दिसलं तर थांबा. मुंज्या, मारुती, जुनी विहीर जवळ असेल तर त्या जागी कधीकाळी वस्ती होती हे जवळजवळ नक्की. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं ते अशाच पांढरीच्या टेकाडांवर, आणि तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं.

कुठे काय मिळतं ते थोडक्यात सांगतो. चालू नोंदी तलाठ्याकडे, ज्याच्या पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी असं लिहिलेलं असतं. जुने सातबारे, फेरफार आणि कोतवाल बुक तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये. मूळ मोजणीचे नकाशे, टिपणं, आकारबंद, गुणाकार बुक हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात, ज्याला सगळे मोजणी ऑफिस म्हणतात. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’वर आले आहेत. तिथे आधी बघा, एखादा हेलपाटा वाचेल.

कोतवाल बुकाला मी वेगळा दिवस द्यायला सांगेन. ही गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. जुनी पानं मोडी लिपीत असतात. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्यातली एक ओळ शोधायला येतात आणि निघून जातात. तुम्ही सगळी पानं वाचा. १९१८च्या शेवटच्या महिन्यांत एका घरातून लागोपाठ नावं कमी होताना दिसतील, कारणाच्या रकान्यात ताप. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ. प्लेगची वर्षंही अशीच दिसतात. गावातल्या प्रत्येक जातीची माणसं या वहीत येतात, हे तिचं खरं मोल.

कारण सातबारा हा जमीनवाल्यांचा कागद आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता त्याचा पत्ता त्यात लागत नाही. गावचे शेतमजूर, बरेचसे बलुतेदार, पावसाळा संपला की वाड्याला येऊन राहणारे धनगर, नदीवर पोट असलेले कोळी आणि जवळजवळ सगळ्या बायका तिथे गैरहजर असतात. महार वतनाच्या जमिनी हाडकी-हाडवळा म्हणून नोंदलेल्या असतात आणि १९५८च्या वतन निर्मूलन कायद्याच्या आसपासचे फेरफार बघितले तर त्या घरांची नावं हाती लागतात. बाकीच्यांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर बघा. जिल्हा परिषदेची शाळा नव्या गावठाणात हलली तेव्हा रजिस्टरंही सहसा सोबत गेली. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा कधी सोडली आणि का, एवढं त्यात असतं. ‘गाव सोडले’ असा शेरा एकाच महिन्यात वीस नावांपुढे दिसला की तारीख मिळाली.

मराठवाड्यात आणि विदर्भात कागदांची नावं बदलतात. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि सेतवार मागा. निजामकाळचे बरेच कागद उर्दूत आहेत आणि वरच्या पातळीवरची दप्तरं हैदराबादच्या पुराभिलेखागारात. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी तिथली पुष्कळ जुनी दप्तरं उघडली गेली आहेत, तुमच्या गावाचं पान त्यात असू शकतं. नागपूरकडे बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक हे शब्द वापरा. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक-चौदा आणि गावकारीचे, म्हणजे कोमुनिदादचे, पोर्तुगीज कागद. साळावली धरणात गेलेलं कुर्डी, ज्या गावावरून गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं आडनाव आलं, ते शोधायचं तर पणजीच्या पुराभिलेख खात्यापासून सुरुवात करावी लागेल. तिथलं जुनं महादेव मंदिर दगड-दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारलेलं आहे, आणि गावची मंडळी मे महिन्यात पाणी ओसरलं की सोमेश्वराला येतात. वर जत्रेचं म्हटलं ते इथे अगदी लागू.

कागद मागायचा कसा

साधा नक्कल अर्ज करा: गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर, कोणता नमुना, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. ‘गावाचे सर्व जुने रेकॉर्ड मिळावे’ असा अर्ज कोणीही बाजूला सारेल, आणि त्याचं चूकही म्हणता येत नाही. नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून अभिलेख पाहणीची मागणी करा. नकला मागण्याआधी पाहणी करणं स्वस्त पडतं, कारण काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. उत्तराची मुदत तीस दिवस.

‘रेकॉर्ड नष्ट केले’ असं उत्तर आलं तर लगेच परत फिरू नका. महसुली कागद अ, ब, क-१, क आणि ड अशा वर्गांत ठेवतात. अ वर्गाचा कागद कायम जतन करायचा असतो, ब वर्गाचा तीस वर्षं, क-१चा दहा वर्षं. तुम्ही मागितलेला कागद कोणत्या वर्गातला होता आणि नष्ट केल्याची नोंद कुठे आहे, असं नम्रपणे लेखी विचारा. कैक वेळा कागद दुसऱ्या रॅकवर सापडतो. रेकॉर्ड कीपरशी गोड बोला. ‘संशोधन’ या शब्दापेक्षा ‘आमचं गाव धरणात गेलं, त्याचं पुस्तक करतोय’ हे वाक्य जास्त दारं उघडतं.

धरणाचे स्वतःचे कागद

धरणात गेलेल्या गावाचं एक नशीब असं, की त्याला बुडवण्यापूर्वी सरकारने त्याची मोजदाद केली. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली आधी कलम ४ची अधिसूचना, मग कलम ६ची, या दोन्ही राजपत्रात छापलेल्या. त्यानंतर संयुक्त मोजणी आणि शेवटी निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश. निवाडा विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या दप्तरात, म्हणजे आता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. त्यात खातेदार, क्षेत्र, जमिनीचा प्रकार, विहिरी, झाडं यांची यादी असते, आणि घरांचं मूल्यांकन जोडलेलं असेल तर तुम्हाला घबाड मिळालं समजा. कोणाच्या घराला धाबं होतं, कोणाचं पत्र्याचं, किती खण, दगडी भिंत की मातीची, दारं किती. गावाची घरोघर माहिती देणारा असा दुसरा कागद नाही. म्हाताऱ्यांनी सांगितलेली घरांची रांग आणि मूल्यांकनाची यादी एकमेकांवर ठेवली की नकाशा पक्का होतो.

जिल्हा पुनर्वसन कार्यालयात संकलन रजिस्टर असतं. त्यात प्रकल्पग्रस्त कुटुंबं, त्यांची गेलेली जमीन, मिळालेली जमीन आणि नवं गावठाण यांच्या नोंदी असतात. लोक कुठे गेले हे कळायला याच्याइतका सोपा मार्ग नाही. मात्र हे रजिस्टर आजही दाखल्यांसाठी, नोकरीसाठी, जमीन वाटपासाठी वापरात आहे. त्यामुळे ते मागताना कर्मचारी सावध होतात. तुमचा हेतू स्पष्ट लिहून द्या.

शंभर-दोनशे वर्षं मागे

इंदापूरकरांचं इथे भाग्य थोर. कंपनी सरकारच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातली नवी जमीन मोजणी आणि धारा बसवण्याची पद्धत सुरू केली ती १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातच. तीस वर्षांनी, १८६७ला, तिथेच पहिली फेरआकारणी झाली. या बंदोबस्ताचे इंग्रजी अहवाल मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालिकेत छापलेले आहेत. बैल, गाड्या, विहिरी, बाजार, ओस पडलेली गावं यांची माहिती त्यांत मिळते. १८८५ सालचं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर तीन भागांत आहे, तिसऱ्या भागात स्थळांची माहिती. ही सगळी पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. गॅझेटियरमध्ये लहान गावाला दोन ओळींपलीकडे जागा नसते, तेव्हा फार आशा ठेवू नका. दुष्काळांची, रोगांची, व्यापाराची प्रकरणं वाचा, तुमच्या गावाच्या आयुष्यात काय घडत होतं ते तिथून कळतं.

त्याच्याही मागे पेशवे दफ्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल आहेत: गावांचे ताळेबंद, थळझाडे (शेतांच्या याद्या), महजर (पंचांसमोरचे निवाडे), वतनाचे तंटे, इनाम कमिशनचे जमाव. वतनाच्या भांडणावर प्रेम करायला शिका. दोन भाऊ पाटीलकीसाठी भांडले की दोघेही आपापली पाच-सात पिढ्यांची कैफियत लिहून देत. त्यात गाव कधी वसलं, दुष्काळात कधी परागंदा झालं, कोणी सरकारचा कौल, म्हणजे सवलतीची हमी, घेऊन पुन्हा लावलं हे सगळं येतं. दोघेही आपापल्या बाजूने वाढवून सांगतात, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

इथे मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख खातं आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. अक्षर ओळखायला काही आठवडे पुरतात. जुनं घाईचं हस्ताक्षर वाचायला मात्र वर्ष-दोन वर्षं सराव हवा. तोवर जाणकार वाचकाची मदत घ्या, पण गावाचं नाव, ‘मौजे’, ‘मोकदम’, ‘कुळकर्णी’ एवढे शब्द स्वतःला ओळखता आले पाहिजेत. नाहीतर कोणता कागद वाचून घ्यायचा हेच कळत नाही.

कालगणना हा नवख्यांचा अडखळण्याचा धोंडा. शके असेल तर ७८ मिळवा. मराठेशाहीतला शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होतं. त्यात ५९९ मिळवायचे, कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६००. ‘खमस अशरीन मया अलफ’ म्हणजे पाच, वीस, शंभर, हजार: ११२५. म्हणजे जून १७२४ ते जून १७२५. फसली सनात साधारण ५९० मिळवा. एक ते दहा, मग वीस, तीस असे नव्वदपर्यंतचे अरबी आकडे एका कार्डावर लिहून खिशात ठेवा.

घराण्यांसाठी आणखी दोन ठिकाणं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्या गावाच्या आणि आडनावाच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. उपाध्याला जुन्या गावाचं नाव सांगा, नव्या गावठाणाचं सांगून उपयोग नाही. कर्नाटकच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांत हेळवी सुगीनंतर येऊन वंशावळ वाचून दाखवतात. त्यांच्या वहीत मूळ गाव आणि स्थलांतर यांचा उल्लेख असतो. त्यांना दक्षिणा द्या आणि वहीचा फोटो काढण्याआधी विचारा.

नकाशा आणि जागा

धरणापूर्वीचा नकाशा हवा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात छापलेली भारताची १ : २,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यात उजनीच्या जागी भीमेचं नुसतं वळणदार पात्र आणि काठावरची गावं दिसतात. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच-एक मैलाचे नकाशे मोठ्या ग्रंथालयांत असतात. ओस गावासाठी त्यांत वेगळी खूण असते, ती कोपऱ्यातल्या खुणांच्या तक्त्यात बघून घ्या. १९६०च्या दशकातल्या अमेरिकी हेर उपग्रह कोरोनाची छायाचित्रं आता खुली झाली आहेत. त्यांत गावठाणाचा आकार, रस्ते, मळे ओळखू येतात. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर शिकून जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवा, नदीवरचे पूल आणि टेकड्या खुणेसाठी धरा.

मग प्रत्यक्ष जा, मे किंवा जूनच्या सुरुवातीला. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला साठ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेलं तळचं पाणी. बातम्यांत पाणी ‘उणे’ टक्क्यांत, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेल्याचं वाचलं की समजा जुनी गावठाणं उघडी पडू लागली. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. एकटे जाऊ नका. वरून कोरडा दिसणारा गाळ खाली मऊ असतो आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. गाळपेर करणारा कोणी शेतकरी सोबत घ्या. पाणी हटलं की मूळ मालकांपैकी कितीतरी जण आपल्याच जुन्या जमिनीवर पीक घेतात, त्यामुळे कोणता बांध कोणाचा हे त्यांना पायाखाली कळतं.

जोती, आडाची कडी, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), सतीशिळा, उंबऱ्याचा दगड जसं दिसेल तसं फोटोत घ्या. फोटोत मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवा आणि जीपीएसचे आकडे टिपा. वीरगळ हलवू नका, घरी आणू नका, शेंदूर फासून नवी जागाही देऊ नका. गाडलेलं नाणं किंवा दागिना सापडला तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. देवळांचं वय ठरवायची घाई नको. ‘हेमाडपंती’ हा शिक्का आपल्याकडे कोणत्याही काळ्या दगडाच्या देवळावर बसतो. शिलालेख असेल तर त्याचा तिरक्या उन्हात फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

लिहिताना

प्रत्येक विधानापुढे ते कुठून आलं हे वहीत लिहा: कागद, ऐकीव, की तुमचा अंदाज. पुस्तकात ही फोड वाचकाला दिसली पाहिजे. आख्यायिका गाळू नका, आख्यायिका म्हणून द्या. जिवंत माणसांची भरपाईची रक्कम, चालू वादातली जमीन, कोणाच्या जातीचा दाखला अडचणीत येईल असा तपशील छापू नका. तुमचं पुस्तक उद्या कोर्टात पुरावा म्हणून फिरू शकतं. जुन्या वस्तीतला महारवाडा कुठे होता आणि नव्या गावठाणात त्यांना प्लॉट कुठे मिळाले, हे मात्र गाळू नका. गावातला कोणी ना कोणी ‘ते कशाला’ म्हणेलच.

छापण्याआधी कच्चा मजकूर आणि घरांचा नकाशा नव्या गावठाणात नेऊन मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या पुष्कळ निघतील, भांडणंही होतील, त्यासाठी समासात जागा सोडलेली प्रत न्या. अंतिम प्रत ग्रामपंचायतीत, शाळेत आणि तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. ध्वनिमुद्रणं आणि फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून त्यातली एक गावातल्या कोणा तरुणाकडे सोपवा. पेनड्राइव्हवर काही ठेवू नका.